झोप : मेंदूचे रवंथ

(निद्रा, स्मृती आणि मेंदूचा ऱ्हास या विषयावर पीएच.डी.चे संशोधन करणाऱ्या, मूळच्या देवणी तालुक्यातील एका विद्यार्थिनीने जागतिक अल्झायमर दिनी देवणी येथे केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



आपल्या गावी बोलायला उभे राहणे ही एक परीक्षाच असते. परगावच्या सभागृहात श्रोते तुमचे शिक्षण पाहतात. गावात मात्र तुम्हाला फ्रॉकमध्ये धुळीत खेळताना पाहिलेली माणसे समोर बसलेली असतात. मागच्या दिवाळीत मी घरी आले, तेव्हा आमच्या आळीतील एका काकांनी विचारले, "पोरी, सहा वर्षं झाली, तू नेमकं करतीस तरी काय?" मी म्हटले, "काका, माशा कधी झोपतात आणि किती झोपतात, ते मी पाहते." काका क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "एवढं शिकून चिलटं मोजतीस व्हय?" आजचे हे भाषण म्हणजे त्या काकांना दिलेले, थोडे उशिरा सुचलेले उत्तर आहे.

निद्रा, स्मृती आणि मेंदूचा ऱ्हास यांचा परस्परसंबंध हा माझ्या अभ्यासाचा विषय. प्रबंध अद्याप परीक्षकांसमोर जायचा आहे, तेव्हा माझे स्वतःचे निष्कर्ष मी आज मांडणार नाही. जगभरच्या संशोधकांनी काय तपासून दाखविले आहे, कशावर अद्याप वाद आहे आणि त्यातून आपल्या घराने व गावाने काय घ्यावे, एवढेच बोलेन.

आजीचे गाठोडे

या विषयाकडे मी पुस्तकातून वळले नाही, आजीमुळे वळले. २०१२ साली मी बारावीला होते आणि लातूरला राहत होते. सुटीत घरी आले की आजीत काहीतरी बदलल्याचे जाणवे. आधी ती भाजीत दोनदा मीठ घालू लागली. मग नातवंडांची नावे चुकू लागली. पुढे तर जेवण झाल्यावर तासाभरात, "मला कुणी जेवायला दिलं नाही," असे ती शेजारी जाऊन सांगू लागली आणि माझ्या आईवर गावात मान खाली घालण्याची वेळ आली. 'म्हातारचळ लागला' हे आमच्या घराने केलेले निदान. 'साठी बुद्धी नाठी' हे त्यावरचे शिक्कामोर्तब. तिला डॉक्टरांकडे न्यावे असे कोणालाही सुचले नाही.

सर्वांत कठीण असत त्या रात्री. दोनच्या सुमारास आजी उठे, लुगड्याचे गाठोडे बांधी आणि मला हलवून म्हणे, "ऊठ गं पोरी, निघायचंय. रझाकार आलेत." १९४८ साली आजी नऊ-दहा वर्षांची होती. आपला हा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. पुढे १९५६ पर्यंत तो बीदर जिल्ह्यातच राहिला. एका रात्री तिच्या घरच्यांनी असेच गाठोडे बांधून गाव सोडले होते. चार दिवसांपूर्वी, १७ सप्टेंबरला, आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा केला. आजीसाठी मात्र ती रात्र संपलीच नव्हती.

एकदा माझी परीक्षा तोंडावर असताना हाच प्रकार घडला. मी तिच्यावर ओरडले, हातातले गाठोडे हिसकावले आणि खोलीला बाहेरून कडी लावली. ती पहाटेपर्यंत दार वाजवीत राहिली. २०१८ च्या हिवाळ्यात आजी गेली. ती कडी मी अद्याप विसरलेले नाही.

तेव्हापासून एक प्रश्न मनात घर करून बसला. सकाळची भाजी ज्या आजीला आठवत नव्हती, तिला चौसष्ट वर्षांपूर्वीची रात्र इतकी लख्ख कशी आठवत होती?

स्मृतीचे दोन मुक्काम

या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला धागा १९५३ सालच्या अमेरिकेत सापडतो. हेन्री मोलेसन नावाच्या सत्तावीस वर्षांच्या तरुणाला फेफऱ्याचे तीव्र झटके येत. त्यावर उपाय म्हणून शस्त्रक्रिया करून त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, समुद्रघोड्याच्या आकाराचा 'हिप्पोकॅम्पस' हा भाग बव्हंशी काढून टाकण्यात आला. झटके कमी झाले, परंतु एक भयंकर गोष्ट घडली. त्याला नवे काहीच लक्षात राहीना. पाच मिनिटांपूर्वी भेटलेला डॉक्टर त्याला अनोळखी वाटे. बालपण मात्र त्याला आठवत होते. २००८ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो असाच जगला. स्मृतिशास्त्राने या एका माणसाकडून जेवढे शिकून घेतले, तेवढे क्वचितच दुसऱ्या कोणाकडून घेतले असेल.

त्यातून उमगले ते असे : आठवण प्रथम हिप्पोकॅम्पसच्या आधाराने तयार होते आणि कालांतराने मेंदूच्या बाह्य स्तरात पसरून पक्की होते. अल्झायमरच्या रोगात ऱ्हासाची सुरुवात बहुधा हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या शेजारच्या भागापासून होते. म्हणून आजची भाजी पुसली जाते आणि जुनी, भीतीने कोरलेली रात्र उरते. आजी नाटक करीत नव्हती, हट्ट करीत नव्हती. तिच्या मेंदूत जे शिल्लक होते, त्यातच ती जगत होती.

ही हलवाहलव केव्हा होते? तिचा मोठा भाग झोपेत होतो. देवणीकरांना ते समजावून सांगणे सोपे आहे. आपल्या गावाचे नाव देशभर पोहोचविले ते देवणी गोवंशाने. गाय चरायला गेली की भराभर ओरबाडून पोटात भरते. तेव्हा नीट चावायला तिला सवड नसते. मग गोठ्यात येऊन बसली की तेच पुन्हा तोंडात आणून शांतपणे रवंथ करते, आणि तेव्हाच तो चारा अंगी लागतो. मेंदूचेही तसेच आहे. दिवसभर तो अनुभव गोळा करतो. रात्री, बाहेरची दारे बंद झाली की, तेच पुन्हा घोळवतो.

ही केवळ उपमा नाही. १९९४ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठात मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधील पेशींचे विद्युतसंकेत टिपले. उंदीर जागेपणी फिरत असताना ज्या पेशी एकत्र चेतत होत्या, त्याच पेशी नंतरच्या गाढ झोपेत पुन्हा एकत्र चेतू लागल्या. झोपलेला उंदीर जणू दिवसाची वाट पुन्हा चालत होता. त्याच्याही सत्तर वर्षे आधी, १९२४ मध्ये, कॉर्नेल विद्यापीठात जेनकिन्स आणि डॅलनबाख या मानसशास्त्रज्ञांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरे पाठ करायला लावली होती. पाठांतरानंतर झोपल्यास जेवढे लक्षात राहिले, त्याहून बरेच कमी तेवढाच वेळ जागे राहिल्यास लक्षात राहिले.

येथे मला लातूर पॅटर्नमधून जाणाऱ्या माझ्या लहान भावंडांना काही सांगायचे आहे. बारावीच्या वर्षी मीही रात्री दोन-दोनपर्यंत जागत असे. खोलीतल्या मुलींत कोण जास्त जागते याची स्पर्धाच असे आणि चार तास झोपणारी मुलगी आदर्श मानली जाई. आज मला ठाऊक आहे की आम्ही ओंजळीने पाणी भरून फुटक्या घागरीत ओतत होतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हार्वर्डच्या एका प्रयोगात काही तरुणांना एक रात्र जागे ठेवून दुसऱ्या दिवशी चित्रे दाखविण्यात आली. मग दोन रात्री पुरेशी झोप दिल्यावर परीक्षा घेतली, तरीही आदल्या रात्री झोपलेल्यांपेक्षा त्यांना कमी चित्रे आठवली. म्हणजे अभ्यासानंतरची झोप जशी हवी, तशी अभ्यासाआधीचीही हवी. पालकांनो, मुलाच्या खोलीतला दिवा रात्री दोनला जळत असेल तर त्याचा अभिमान बाळगू नका, काळजी करा.

चिलटे कशासाठी?

आता काकांच्या चिलटांकडे येते. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारी बारीक माशी म्हणजे फळमाशी. माणसाच्या रोगांशी संबंधित जनुकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जनुकांची नातलग जनुके या माशीत आढळतात. अंड्यापासून पूर्ण माशी व्हायला दहाएक दिवस लागतात आणि दीड-दोन महिन्यांत ती वृद्ध होऊन मरते. माणसाचे म्हातारपण पाहायला सत्तर वर्षे लागतात; माशीचे म्हातारपण एका ऋतूत पाहून होते. आपल्या देशात या माशीच्या मज्जासंस्थेच्या अभ्यासाचा पाया मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दीकी यांनी घातला, याचा महाराष्ट्राला अभिमान वाटावा.

माशी झोपते हे कसे कळते? बोटाएवढ्या लांबीच्या काचेच्या नळीत एक माशी आणि थोडे गोड खाद्य ठेवतात. नळीच्या मध्यातून अवरक्त किरण जातो. माशी इकडून तिकडे गेली की किरण खंडित होतो आणि संगणकात नोंद होते. सलग पाच मिनिटे हालचाल नसेल तर ती झोप धरतात. २००० साली अमेरिकेतील दोन स्वतंत्र गटांनी दाखवून दिले की ही नुसती विश्रांती नसून खरी झोप आहे. माशीला रात्रभर झोपू दिले नाही तर ती दुसऱ्या दिवशी त्याची भरपाई करते. चहा-कॉफीतील कॅफिन दिले तर तिचीही झोप उडते. गायीबैलांचेही पाहा. दिवसाकाठी ते जेमतेम चार तास खऱ्या अर्थाने झोपतात आणि कित्येक तास रवंथ करीत पेंगतात. पण झोप टाळणे त्यांनाही जमलेले नाही. झोपेत शत्रूचा धोका असूनही निसर्गाने ती कायम ठेवली, यावरून तिचे मोल ओळखावे.

अल्झायमरशी संबंधित मानवी प्रथिन तयार करणारे जनुक या माशीत घालता येते. मग अशा माशांची झोप आणि स्मृती कशी ढासळते, झोप वाढविली तर काय होते, कमी केली तर काय होते, हे पाहता येते. आजीच्या मेंदूत डोकावणे मला शक्य नव्हते. चिलटे मोजून त्या मेंदूच्या दाराशी तरी पोहोचता येते.

रात्रीची साफसफाई

१९०६ च्या नोव्हेंबरात जर्मनीतील ट्यूबिंगन येथे डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी एका स्त्रीच्या मेंदूविषयी निबंध वाचला. १९०१ मध्ये रुग्णालयात दाखल झाली तेव्हा आउगुस्टे डेटर ही स्त्री अवघी एक्कावन्न वर्षांची होती. तिच्या मेंदूत पेशींच्या बाहेर चिकट ढिगारे आणि पेशींच्या आत गुंतलेले धागे दिसले. आज आपण त्यांना अनुक्रमे अमायलॉईड बीटा आणि टाऊ या प्रथिनांचे साठे म्हणून ओळखतो.

अमायलॉईड बीटा निरोगी मेंदूतही रोज तयार होते. प्रश्न असतो तो निचऱ्याचा. २००९ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथील डेव्हिड होल्ट्झमन यांच्या गटाने उंदरांत दाखविले की जागेपणी मेंदूतील अमायलॉईड वाढते आणि झोपेत घटते. दीर्घकाळ झोप तोडली तर साठे वाढतात. २०१३ मध्ये रॉचेस्टर येथील माइकेन नेडरगार्ड यांच्या गटाने मांडले की झोपलेल्या उंदराच्या मेंदूत पेशींमधील जागा सुमारे ६० टक्क्यांनी वाढते आणि तेथून वाहणारा द्रव टाकाऊ द्रव्ये धुऊन नेतो. बाजार उठल्यावर रात्री रस्ता झाडावा तसे हे चित्र आहे आणि ते जगभर लोकप्रिय झाले. २०१८ मध्ये वीस निरोगी माणसांवर केलेल्या एका अभ्यासात एका रात्रीच्या जागरणानंतरही मेंदूच्या काही भागांत, हिप्पोकॅम्पसमध्येसुद्धा, अमायलॉईडची वाढ आढळली.

परंतु येथे मी एक सावधगिरीचा शब्द घालते. २०२४ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील संशोधकांनी उंदरांवरच वेगळ्या पद्धतीने मोजमाप केले आणि त्यांना झोपेत निचरा वाढण्याऐवजी कमी झालेला आढळला. हा वाद आज चालू आहे. त्यामुळे 'झोपेत मेंदू धुतला जातो' हे वाक्य तुम्ही कोठे छातीठोकपणे वाचले, तर ते पूर्ण सिद्ध झालेले सत्य नव्हे, हे ध्यानात ठेवावे. शास्त्र असेच पुढे जाते; कालचा निष्कर्ष आज पुन्हा काट्यावर ठेवला जातो.

कारण की परिणाम?

दुसरा अवघड प्रश्न असा : झोप बिघडल्याने मेंदू झिजतो, की मेंदू झिजू लागल्याने झोप बिघडते? दोन्ही खरे असण्याची शक्यता मोठी आहे. दिवस-रात्रीचे घड्याळ सांभाळणारे, जाग आणि झोप यांचा तोल राखणारे मेंदूचे भाग या रोगात झिजतात. म्हणूनच अशा रुग्णांचा गोंधळ संध्याकाळनंतर वाढतो आणि दिवस-रात्र उलटे होतात. आजीचे रात्री दोनला उठणे याच प्रकारचे होते.

रोग दिसू लागण्याच्या कितीतरी आधीची झोप पाहिली तरच या प्रश्नाला थोडे उत्तर मिळते. लंडनमधील शासकीय कर्मचाऱ्यांचा १९८५ पासून पाठपुरावा करणारा एक अभ्यास आहे. त्यातील ७,९५९ जणांची माहिती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. सुमारे पंचवीस वर्षांत त्यांपैकी ५२१ जणांना स्मृतिभ्रंश झाला. पन्नाशी, साठी आणि सत्तरी या तिन्ही टप्प्यांवर सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांत हा धोका सात तास झोपणाऱ्यांपेक्षा सुमारे ३० टक्के अधिक आढळला. या आकड्याने घाबरून जाऊ नये. शंभरातल्या तीस जणांना रोग होतो, असा त्याचा अर्थ नाही. ढोबळमानाने, जेथे शंभरात सहा-सात जणांना व्हायचा, तेथे आठ-नऊ जणांना झाला, एवढाच त्याचा अर्थ. तसेच, कमी झोप हेच त्याचे कारण, असेही यावरून ठामपणे सिद्ध होत नाही.

आणखी एक लक्षण मी मुद्दाम सांगते. स्वप्ने पडतात त्या 'आरईएम' झोपेत आपले स्नायू शिथिल असतात. काही प्रौढ माणसांत हे बंधन सुटते. ती झोपेत ओरडतात, हातपाय झाडतात, शेजारी झोपलेल्याला मारतातही. १९८६ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा येथे कार्लोस शेंक आणि मार्क माहोवाल्ड यांनी या विकाराचे वर्णन केले. अशा अनेकांना पुढे काही वर्षांनी कंपवात किंवा त्याच जातीचा स्मृतिभ्रंश होतो, असे नंतर आढळले. घरात कोणाला असे होत असेल तर 'वारे शिरले' म्हणून अंगारे-धुपारे करीत बसू नका, मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.

आपल्या मातीतील पुरावे

आपल्या परंपरेने झोपेकडे केवळ आळस म्हणून पाहिलेले नाही. चरकसंहितेने शरीर तोलून धरणाऱ्या तीन उपस्तंभांत आहाराशेजारी निद्रेला स्थान दिले. पतंजलींनी ज्या पाच चित्तवृत्ती गणल्या, त्यांत निद्रा आणि स्मृती शेजारीशेजारी येतात. मांडूक्य उपनिषदाने जागृती आणि स्वप्न यांच्यापलीकडील सुषुप्तीचा विचार केला. हा वारसा मोठा आहे. पण म्हणून आपल्या ऋषींना अमायलॉईड ठाऊक होते, असे कोणी म्हणू लागले तर त्यात ऋषींचाही गौरव नाही आणि विज्ञानाचाही नाही. त्यांनी सूक्ष्म निरीक्षणाची दृष्टी दिली. ती दृष्टी घेऊन आपण प्रयोग करावेत, हे त्यांचे खरे ऋण फेडणे आहे. १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी योगाला प्रयोगशाळेत नेले ते याच भावनेने.

असे काम आपल्याकडे झालेलेही आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत डॉ. बिंदू कुट्टी यांच्या गटाने नियमित ध्यानसाधना करणाऱ्यांच्या झोपेच्या नोंदी घेतल्या. वयाबरोबर गाढ झोप कमी होते. ती मध्यमवयीन साधकांत तुलनेने टिकून असल्याचे त्यांना २००६ च्या अभ्यासात आढळले. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात एकवीस यजुर्वेदी पंडितांच्या मेंदूची छायाचित्रे घेऊन तेवढ्याच इतर माणसांशी ताडून पाहिली. स्मृती आणि भाषा यांच्याशी संबंधित काही भागांत पंडितांच्या मेंदूत करडे द्रव्य अधिक आढळले. हे संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. पाठांतराने स्मृतिभ्रंश टळतो, असे मात्र त्यात कोणी म्हटलेले नाही.

आपल्या सीमाभागासाठी सर्वांत महत्त्वाचा अभ्यास हैदराबादचा आहे. निजाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची माहिती तपासली. एकापेक्षा अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा रोग एकभाषिकांपेक्षा सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसून आला, आणि हा फरक निरक्षर माणसांतही होता. २०१३ मध्ये हे प्रसिद्ध झाले तेव्हा जगाचे लक्ष तिकडे वेधले गेले. आपल्या देवणीच्या बाजारात शाळेची पायरी न चढलेला माणूस मराठीत भाव सांगतो, कानडीत घासाघीस करतो, दख्खनीत चेष्टा करतो आणि गरज पडली तर तेलुगूही बोलतो. ही आपली न मोजलेली श्रीमंती आहे. मुलांना इंग्रजी जरूर शिकवा, पण आजोबांची कानडी आणि आजीची दख्खनी घरातून घालवू नका.

आपण काय करावे?

भारतात साठ वर्षांवरील लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने दिला. स्त्रियांत, ग्रामीण भागात आणि शिक्षणाची संधी न मिळालेल्यांत हे प्रमाण अधिक आहे. पण याच आकड्याची दुसरी बाजूही पाहा. साठीनंतर शंभरातल्या त्र्याण्णव जणांची बुद्धी 'नाठी' झालेली नाही! तेव्हा ती म्हण आता आपण सोडून द्यावी. विसरणे हा म्हातारपणाचा धर्म नव्हे. ते मर्यादेबाहेर गेले तर तो आजार आहे.

हा आजार मुळातून बरा करणारे औषध आज नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत लेकॅनेमॅब या औषधाला पूर्ण मान्यता मिळाली. ते सुरुवातीच्या टप्प्यात ऱ्हासाचा वेग काही अंशी कमी करते, पण त्याचे दुष्परिणामही गंभीर असू शकतात. मात्र काही विस्मरण बरे होणारे असते. जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता, थायरॉईडची मंदावलेली क्रिया, नैराश्य, काही औषधांचे दुष्परिणाम यांमुळेही माणूस विसरू लागतो. शाकाहारी घरांत बी-१२ ची तपासणी विशेष अगत्याची आहे. निदान न करता 'म्हातारचळ' म्हणणे म्हणजे बरे होणाऱ्यालाही न बरे होणाऱ्यांच्या रांगेत बसविणे होय.

२०२४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने स्मृतिभ्रंशाचे बदलता येण्याजोगे चौदा धोके सांगितले. शिक्षणाचा अभाव, बहिरेपण, मंद दृष्टी, मधुमेह, रक्तदाब, तंबाखूचे धूम्रपान, अतिमद्यपान, एकाकीपणा, हवेचे प्रदूषण आदींचा त्यांत समावेश आहे. सगळे धोके दूर झाले तर सुमारे ४५ टक्के रुग्ण टाळता किंवा लांबणीवर टाकता येतील, असा त्यांचा हिशोब आहे. झोपेचा त्या चौदांत समावेश नाही, कारण पुरावा अजून पुरेसा मानलेला नाही. माझाच विषय असला तरी हे मी तुम्हाला सांगितलेच पाहिजे. आजोबांना कमी ऐकू येत असेल तर कानाचे यंत्र घेऊन द्या. आजींना मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया करून घ्या. यांत उशीर करू नये.

तरीही झोप जपण्यासाठी आणखी कोणत्याही कारणाची गरज नाही. झोपण्या-उठण्याची वेळ ठरलेली असावी, सकाळचे ऊन अंगावर घ्यावे, संध्याकाळनंतर चहा टाळावा, अंथरुणात मोबाइल नेऊ नये. मोठ्याने घोरणे आणि मध्येच श्वास अडकणे हा गाढ झोपेचा पुरावा नसून आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत. आणि झोपेच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणू नका, विशेषतः वृद्धांसाठी.

काही झोप मात्र व्यक्तीच्या हाती नसते. रात्रीच्या पाळीत वीज येते म्हणून थंडीत, विंचू-सापाच्या भीतीत आमचे वडील पाणी द्यायला मळ्यात जात. ऊसतोड कामगारांना रात्री-अपरात्री गाडी भरावी लागते. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात २०१७ पासून सौर कृषी वाहिनी योजना आहे. दिवसा वीज ही मागणी केवळ पिकाची नाही, ती आरोग्याची मागणी आहे, असे मी मानते. गावातल्या ध्वनिक्षेपकाने रात्री दहाला थांबावे, हीदेखील समाजसेवाच आहे.

आईची झोप

शेवटी मला बोलायचे आहे ते माझ्या आईविषयी. आजीच्या आजारपणाची सहा वर्षे आई एकही रात्र सलग झोपली नाही. दिवसा शेतातले काम, संध्याकाळी स्वयंपाक आणि रात्री आजीमागे धावणे. आजीच्या आजाराचे निदान आम्ही केले नाही, तसा आईच्या झोपेचा हिशोबही कोणी ठेवला नाही. सून आहे, तिचे ते कर्तव्यच, असे सगळे धरून चालले. मीही त्यात होते.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा २०१३ चा मराठी चित्रपट आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. डॉ. मोहन आगाशे यांनी त्यात स्मृती हरपत चाललेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली आहे. हत्तीमागे निघून गेलेल्या त्या वृद्धाला सांभाळण्याचे कष्ट एका माणसाच्या अंगावर टाकून चालत नाही, हे तो पाहताना मला उमगले. आपण कुटुंबव्यवस्थेचा अभिमान बाळगतो. तो खरा ठरवायचा असेल तर अशा घरात रात्रीच्या पाळ्या ठरवा. मुलगा, सून, लेक, जावई, नातवंडे, सर्वांनी आठवड्यातील एकेक रात्र वाटून घ्या. शेजाऱ्यांनी दिवसाचे दोन तास द्यावेत, म्हणजे घरच्या बाईला दुपारी डोळा लागेल. रुग्णाच्या खिशात नाव-पत्ता लिहिलेला कागद ठेवा. गरज पडली तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस १४४१६ या राष्ट्रीय मदतवाहिन्या आहेत. फोन करण्यात कमीपणा नाही.

आणि रात्री दोन वाजता कोणी गाठोडे बांधून दाराशी आले, तर वाद घालू नका. "रझाकार केव्हाच गेले" हे सांगून उपयोग नसतो. ते जिच्या मनात आहेत, तिला ते दिसत असतात. मंद दिवा लावा, हात धरा, पाणी द्या. मला ती रात्र पुन्हा मिळाली असती तर मी कडी लावली नसती. गाठोड्याचे एक टोक मी धरले असते आणि म्हटले असते, "आजी, मी आहे बरोबर. उजाडलं की निघू. तोवर जरा टेक."